विश्लेषण : शाळेत न गेलेल्या बहिणाबाईंची झाडापानांची गाणी आपल्यापर्यंत पोहोचली कशी?

जात्यावर, चुलीपुढे आणि शेताच्या बांधावर रचलेली ही गाणी रचणाऱ्या बाईला लिहिता येत नव्हते. पुस्तक निघाले ते त्यांच्या निधनानंतर. या गाण्यांचा प्रवास नेमका कसा झाला?

जळगावच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या बहिणाबाई चौधरी यांनी कधी शाळेची पायरी चढली नाही. त्यांना अक्षरओळख नव्हती. तरीही पेरणी, कापणी, वडाचे झाड, लिंबाची निंबोळी, सुगरणीचा खोपा, विहिरीवरची मोट अशा रोज डोळ्यांसमोर असणाऱ्या गोष्टींवर त्यांनी रचलेली गाणी आज मराठी घरांत माहीत आहेत.

बहिणाबाईंचे निधन ३ डिसेंबर १९५१ रोजी झाले आणि त्यांच्या गाण्यांचे पुस्तक १९५२ मध्ये आले. आपल्या नावाचे पुस्तक त्यांनी पाहिले नाही. गाणे रचणारी बाई निरक्षर आणि ऐकणारे घरातले, शेतातले लोक. अशी गाणी सहसा रचणाऱ्याबरोबरच संपतात. मग ही कशी टिकली?

बहिणाबाई चौधरी कोण होत्या?

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० रोजी जळगावजवळच्या आसोदे या गावी महाजन कुटुंबात झाला. वडील उखाजी आणि आई भिमाई. घर शेतकऱ्याचे. तेव्हा आजचा जळगाव जिल्हा अस्तित्वात नव्हता, सगळा मिळून एकच खानदेश जिल्हा होता. १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले आणि १९६० मध्ये पूर्व खानदेशचे नाव जळगाव झाले. बहिणाबाईंचे सारे आयुष्य याच पट्ट्यात, तापी आणि गिरणा नद्यांच्या काळ्या जमिनीच्या मुलखात गेले.

वयाच्या तेराव्या वर्षी त्यांचे लग्न जळगावच्या नथुजी खंडेराव चौधरी यांच्याशी झाले. माहेर आणि सासर जवळजवळ असले तरी त्या काळच्या सासुरवाशिणीला माहेरी जाणे सणावारालाच जमे. त्यामुळे आसोद्याची वाट त्यांच्या गाण्यात पुन्हा पुन्हा येते. त्यांना ओंकार आणि सोपान हे दोन मुलगे आणि काशी ही मुलगी. यातले सोपान म्हणजे पुढे कवी म्हणून नावाजलेले सोपानदेव चौधरी (१९०७-१९८२).

नावाच्या सारखेपणामुळे होणारा एक गोंधळ इथेच दूर केलेला बरा. संत तुकारामांच्या शिष्या संत बहिणाबाई या सतराव्या शतकातल्या. त्यांचे अभंग वेगळे. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी त्यांच्यानंतर सुमारे अडीचशे वर्षांनी जन्मल्या.

शाळा नाही, मग गाणे कुठून आले?

पुण्यात मुलींची शाळा १८४८ मध्ये सुरू झाली होती. पण खानदेशातल्या खेड्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीपर्यंत शाळा पोहोचायला अजून बराच काळ जायचा होता. १९०१ च्या जनगणनेत देशातील स्त्रियांच्या साक्षरतेचे प्रमाण १ टक्क्याहूनही कमी होते. बहिणाबाई तेव्हा विशीत होत्या. म्हणजे त्यांचे निरक्षर असणे हा त्या काळचा नियमच होता.

अक्षर नसले तरी गाणे होते. पहाटे उठून दळण दळायचे, तर जात्याचा खुंटा ओढताना ओवी म्हणायची, ही महाराष्ट्रभरच्या बायकांची रीत होती. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात आणि बहिणाबाईंचे याच नावाचे एक गाणे आहे. ओवीमुळे कामाचा शीण कमी वाटे आणि मनातले बोलायला जागाही मिळे. सासूसमोर जे बोलता येत नाही ते ओवीत सांगता येई.

देवळातली भजने, कीर्तने आणि सणांची गाणी ही दुसरी शाळा. खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखजी म्हणतात. या सणाला सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि झोक्यावर गाणी म्हटली जातात. एका गावची ओवी दुसऱ्या गावी पोहोचायची ती अशाच वाटेने. माहेरी आलेली मुलगी परत जाताना चार नवी गाणी घेऊन जाई. ‘आखजी’ या नावाचेही बहिणाबाईंचे गाणे आहे.

आपल्याला गाणे कुठून सुचते, याचे उत्तरही त्यांनी एका गाण्यात दिले आहे. आपली आई सरस्वती आहे आणि बोलणे तिनेच शिकवले, असा त्याचा आशय. शाळेचा आधार नसलेल्या बाईने विद्येच्या देवतेशी थेट नाते सांगावे, हे त्या काळात साधे विधान नव्हते.

इतकी गाणी पाठ कशी राहायची?

याचे उत्तर गाण्याच्या रचनेत आहे. बहिणाबाईंच्या बहुतेक गाण्यांत एका चरणात ८ अक्षरे असतात. असे ४ चरण मिळून एक कडवे होते, म्हणजे एकूण ३२ अक्षरे. दुसऱ्या आणि चौथ्या चरणाच्या शेवटी यमक जुळते. अक्षरे कानाने मोजली जातात. एक अक्षर कमी पडले किंवा जास्त झाले तर लय अडखळते आणि म्हणणाऱ्याला चूक लगेच कळते. शब्द विसरला तरी यमकामुळे तो आठवायला मदत होते.

लिहिण्याची सोय नसलेल्या माणसासाठी ही मोठी सोय आहे. गाणे स्वतःच स्वतःची तपासणी करते. शिवाय एकच शब्द लागोपाठ दोनदा म्हणायची त्यांची लकब आहे. त्यामुळे चरण भरतो, लय पक्की होते आणि गाणे कानात राहते. जात्याच्या फेऱ्याला हे माप सहज बसते. या गाण्यांना ओवी म्हणावे की अष्टाक्षरी, यावर अभ्यासक वेगवेगळे बोलतील. जात्यावर बसलेल्या बाईच्या दृष्टीने हात आणि तोंड एकाच तालात चालणे महत्त्वाचे.

गाण्यात झाडे इतकी का येतात?

खानदेशातला ऋतूंचा क्रम लक्षात घेतला तर हे नीट समजते. युरोप-अमेरिकेत पानगळ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, थंडीच्या तोंडावर होते. आपल्याकडे शरद ऋतू म्हणजे अश्विन-कार्तिक, कापणीचा आणि कापूस वेचण्याचा काळ. पानगळ येते ती नंतर, शिशिरात, साधारण माघ-फाल्गुनात. कारणही वेगळे आहे. पावसाचे पाणी संपून जमिनीतला ओलावा कमी झालेला असतो. पानांतून पाणी बाष्प होऊन उडून जाते. ते वाचवण्यासाठी कोरड्या प्रदेशातली झाडे पानेच गाळून टाकतात. सातपुड्यातला साग उघडा पडतो. पळसाला एक पान नसते, पण लाल फुले येतात. चैत्र लागता लागता लिंब आणि पिंपळ नव्या पालवीने भरून जातात. अजून पाऊस दूर असतो आणि जळगावात पारा चाळिशीच्या वर चढत असतो. तरी झाड हिरवे होते.

शेतातही हेच चाललेले असते. पीक निघालेले, जमीन मोकळी, नांगरट झालेली. बाहेरून पाहणाऱ्याला रान उजाड दिसते. शेतकऱ्याला मात्र ठाऊक असते की पुढच्या हंगामाची तयारी सुरू आहे. बहिणाबाईंची दृष्टी या दुसऱ्या प्रकारची होती. पेरलेल्या बियाण्यावरच्या त्यांच्या गाण्यात बी मातीत निजलेले आहे आणि वरची माती त्याचे पांघरूण झाली आहे. मग कोंब वर येतो. त्याची पहिली दोन पाने त्यांना जोडलेल्या हातांसारखी वाटतात. पुढे वाऱ्यावर पाने हलतात, तेव्हा सारे शिवार भजनाला बसल्यासारखे दिसते.

झाडांकडे पाहण्याची त्यांची पद्धत एका जागी उभे राहून नीट निरखण्याची आहे. वडाची हिरवी पाने आणि लालबुंद फळे पाहून त्यांना पोपटांचा थवा आठवतो. पाने म्हणजे पंख आणि फळे म्हणजे चोची. वडाची फळे पिकून लाल झाल्यावर झाडाखाली उभे राहिले की ही उपमा किती नेमकी आहे हे कुणालाही पडताळून पाहता येईल. लिंबाची निंबोळी आधी कडू आणि पिकल्यावर गोड होते. त्यावरून त्या कडवट बोलणाऱ्या आणि पुढे निवळणाऱ्या माणसाकडे वळतात. बोरी-बाभळीच्या काट्यांचे कारण तर त्यांनी माणसावरच टाकले आहे. माणसांचे खोटे व्यवहार पाहून या झाडांच्या अंगावर काटा आला, अशी त्यांची कल्पना.

सुगरणीच्या खोप्यावरचे गाणेही असेच. झाडाला टांगलेला खोपा पाहून त्या माणसाला विचारतात की एवढेसे पाखरू चोचीने असे घर विणते, तर दोन हात आणि दहा बोटे असलेल्या तुला काय अडचण आहे? पक्षिशास्त्राच्या दृष्टीने हा खोपा नर विणतो आणि मादी तो पसंत करून आतली बाजू सजवते. गाण्यात विणकर आई आहे. बहिणाबाईंना सांगायचे होते ते पिलांसाठी जिवाचा आटापिटा करणाऱ्या आईबद्दल. त्यामुळे गाण्याचे काही बिघडत नाही.

दुःखाचे गाणे कसे झाले?

बहिणाबाईंचे आयुष्य सुखाचे नव्हते. सासरचे मोठे कुटुंब विभागले गेले, परिस्थिती खालावली. तरुण वयातच नथुजींचे निधन झाले आणि तीन मुलांची जबाबदारी त्यांच्यावर आली. विधवेने कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, पुढे यायचे नाही, असा तो काळ होता.

यावरही त्यांनी गाणे केले. कपाळावरचे कुंकू गेले आणि कुंकवाखालची नशिबाची रेघ उघडी पडली, असे त्या म्हणतात. बांगड्या फुटल्या तरी मनगटातली धमक कुठे गेली नाही, असेही सांगतात. सांत्वनाला आलेल्या बायांनाच त्या माझी कीव करू नका, असे बजावतात. हात पाहून भविष्य सांगणाऱ्या ज्योतिषालाही त्यांनी दारातून परत पाठवले आहे. आपले दैव आपल्याला कळले आहे, ते दुसऱ्याने सांगायची गरज नाही, हा त्यामागचा विचार. विधवा बाईच्या तोंडी दैवाला दिलेले हे उत्तर सुशिक्षित कवींच्या लेखनातही त्या काळी विरळच होते.

१८९६ मध्ये मुंबईत आलेली प्लेगची साथ पुढे राज्यभर पसरली. लोक गाव सोडून शेतात, खळ्यांत झोपड्या बांधून राहत. प्लेगला गावाकडे पिलोक म्हणत. त्यावरही बहिणाबाईंचे गाणे आहे. साथीत गाव कसे ओस पडते, हे त्यात नोंदले गेले आहे. सरकारी अहवालात आकडे असतात. त्या गाण्यात खळ्यात राहणारी माणसे आहेत.

गाणी कागदावर कुणी आणली?

बहिणाबाई गाणी म्हणत त्या काम करताना. ती जपून ठेवावीत, असा त्यांचा काही प्रयत्न नव्हता. ती टिपून घेतली सोपानदेव यांनी आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी. बहिणाबाई म्हणत असताना जमेल तेव्हा, जमेल तेवढे हे दोघे लिहून ठेवत. घरातल्या बाईचे गाणे लिहून ठेवण्याच्या योग्यतेचे आहे, असे घरातल्याच कुणाला तरी वाटले, ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत निर्णायक गोष्ट म्हणावी लागेल.

बहिणाबाईंच्या निधनानंतर सोपानदेवांनी ही गाणी आचार्य प्रल्हाद केशव अत्रे (१८९८-१९६९) यांना दाखवली. अत्रे तेव्हा नाटककार, पत्रकार, वक्ते आणि चित्रपटकार म्हणून महाराष्ट्रभर प्रसिद्ध होते. गाणी वाचून ते थक्क झाले. हे अस्सल सोने असून ते महाराष्ट्रापासून दडवणे हा गुन्हा ठरेल, अशा अर्थाचे त्यांचे उद्गार पुढे फार प्रसिद्ध झाले. अत्र्यांच्या विस्तृत प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघाले. त्यात ३५ कविता होत्या. पुढच्या आवृत्तीत आणखी काही गाण्यांची भर पडली.

आयुष्यभर गाणाऱ्या बाईच्या गाण्यांपैकी हाती लागली ती एवढीच. बाकीची जात्याच्या घरघरीत आणि शेतातल्या वाऱ्यात विरली.

ओळी आईच्या की मुलाच्या?

गाणी लिहून घेणारा मुलगा स्वतः कवी असल्यामुळे हा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. ऐकलेले गाणे कागदावर उतरवताना लिहिणाऱ्याकडून काही शब्द इकडेतिकडे होऊ शकतात, हे कुठल्याही मौखिक साहित्याला लागू आहे.

पण गाण्यांतच याचे बरेचसे उत्तर मिळते. पहिली गोष्ट विषयांची. चुलीवरच्या तव्याचा चटका, दळताना पडणारे पीठ, मळणी आणि उफणणीची कामे, उभ्या पिकात शिरलेले आणि हाकलले तरी परत येणारे ढोर यांची माहिती ही कामे रोज करणाऱ्या हातांची आहे. दुसरी गोष्ट उपमांची. उपमा पुस्तकातून आलेल्या नाहीत, त्या चार पावलांवरच्या वस्तूंमधून आल्या आहेत. तिसरी गोष्ट भाषेची. सोपानदेवांची स्वतःची कविता त्या काळच्या छापील मराठी कवितेच्या वळणाची आहे. आईच्या गाण्यांची बोली आणि लय त्यापेक्षा स्पष्टपणे वेगळी आहे.

ही कोणती बोली?

बहिणाबाईंची गाणी अहिराणीत आहेत, असे अनेकदा सरसकट सांगितले जाते. पण खानदेशात एकच बोली नाही. जळगाव, यावल, रावेर, भुसावळ या भागात लेवा समाजाची लेवा गणबोली बोलली जाते. बहिणाबाई याच समाजातल्या आणि त्यांची गाणी याच बोलीच्या जवळची आहेत. अहिराणीपेक्षा ती वेगळी असून वऱ्हाडीशी तिचे बरेच साम्य आहे.

पहिल्यांदा वाचणाऱ्याला अडचण येते ती काही ठरावीक ठिकाणी. या चार खुणा माहीत असल्या तर गाणी सोपी होतात :

- ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, पिंपळ म्हणजे पिंपय.
- ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. पाणी म्हणजे पानी, पेरणी म्हणजे पेरनी.
- ‘ला’च्या जागी ‘ले’ येतो. झाडाला म्हणजे झाडाले, देवाला म्हणजे देवाले.
- ‘करून’, ‘पाहून’ अशा रूपांच्या जागी करीसन, पाहीसन अशी रूपे येतात.

१९५२ मध्ये हे पुस्तक प्रमाण मराठीत बदलून छापले गेले नाही, हेही महत्त्वाचे. तसे झाले असते तर आठ अक्षरांचे माप अनेक ठिकाणी मोडले असते, यमके तुटली असती. बोलीत छापल्यामुळे खानदेशातल्या वाचकाला पुस्तकात आपल्या घरातले बोलणे दिसले आणि इतरांना एक नवी मराठी कळली.

गाणी घराघरांत कशी पोहोचली?

पुस्तक हा एक टप्पा. पण ज्यांनी पुस्तक कधी उघडले नाही त्यांनाही ही गाणी माहीत आहेत. १९६१ मध्ये आलेल्या अनंत माने यांच्या ‘मानिनी’ या चित्रपटात बहिणाबाईंच्या रचना घेतल्या गेल्या. संगीत वसंत पवार यांचे होते. रेडिओवरून ती गाणी गावोगावी गेली. पुढे यशवंत देव यांनी चाली दिलेल्या आणि उत्तरा केळकर यांनी गायलेल्या गाण्यांनी कॅसेटच्या काळात हीच वाट आणखी रुंद केली. शाळेच्या पाठ्यपुस्तकांत त्यांच्या कविता आल्या. संसार म्हणजे काय, हे चुलीवरच्या तव्याच्या उदाहरणाने सांगणारे त्यांचे गाणे लग्नसमारंभातल्या भाषणांतही ऐकू येते.

मराठीबाहेरही वाट निघाली. माधुरी शानभाग यांनी ‘फ्रॅग्रन्स ऑफ द अर्थ’ या नावाने आणि अंजली पुरोहित यांनी ‘गो टॉक टू द रिव्हर’ या नावाने या गाण्यांचे इंग्रजीत अनुवाद केले. जळगावात १९९० मध्ये स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे २०१८ मध्ये ‘कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ’ असे नामकरण झाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या विद्यार्थ्यांच्या पदवी प्रमाणपत्रावर आता त्यांचे नाव असते.

मग हरवले काय?

सगळ्यात आधी, मूळ चाल. आज आपण ज्या चालींवर ही गाणी म्हणतो त्या संगीतकारांनी दिलेल्या आहेत. बहिणाबाई जात्याच्या फेऱ्याबरोबर शब्द कुठे लांबवत, कुठे थांबत, कुठे हुंकार भरत, हे छापील पानावर येत नाही. घरोटीचे गाणे आपण ऐकतो, पण त्यातून घरोटीचा आवाज गेलेला असतो.

दुसरे म्हणजे गाण्याचे बदलते रूप. तोंडी गाणे दर वेळी थोडे वेगळे होते. ऐकायला कोण बसले आहे, दिवस कोणता, मन कसे आहे, यावर कडवी कमी-जास्त होतात. कागदावर आले की त्यातले एकच रूप पक्के होते.

तिसरे आणि सर्वांत मोठे म्हणजे इतर बायकांची गाणी. बहिणाबाईंसारख्या रचना करणाऱ्या बायका गावोगावी होत्या. गिरण्या आल्या, घरातले दळण थांबले आणि दळताना म्हणायच्या ओव्याही थांबत गेल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्याचे मोठे काम केले. त्यांच्या संग्रहात १ लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि ‘परी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया हे संकेतस्थळ त्या आवाजासह प्रसिद्ध करत आहे. एका संग्रहात एवढ्या ओव्या मिळतात, यावरून न मिळालेल्या किती असतील याचा अंदाज यावा.

बहिणाबाईंची प्रतिभा असामान्य होती, यात शंका नाही. पण केवळ प्रतिभेमुळे ही गाणी वाचली असती असे म्हणता येत नाही. घरात लिहिता येणारा मुलगा होता, त्याला आईच्या बोलण्यातली कविता ओळखता आली, मदतीला मावसभाऊ होता आणि पुढे एका प्रसिद्ध संपादकाने आपले वजन त्यामागे उभे केले. या साखळीतली एक कडी जरी नसती, तर आसोद्याच्या महाजनांची लेक आणि जळगावच्या चौधरींची सून एवढीच त्यांची नोंद राहिली असती, तीही फार तर दोन पिढ्या.

बहिणाबाईंना याची जाणीव होती, असे मानायला जागा आहे. छापखान्यावरही त्यांचे एक गाणे आहे. स्वतःला वाचता येत नसताना शाई, कागद आणि यंत्रातून बाहेर पडणारे शब्द पाहून त्यांना ते सुचले. छापून निघाल्यावर कोरा कागदही शहाणा होतो, माणूस मात्र अडाणीच राहतो, असा त्याचा आशय. पुस्तकात आलेल्या ३५ कविता आपल्याला कळल्या. राहून गेलेल्या गाण्यांची यादी कुणाकडेच नाही.

एका नजरेत

- १८८० : आसोदे (जि. जळगाव) येथे जन्म
- वयाच्या १३ व्या वर्षी : नथुजी चौधरी यांच्याशी विवाह
- १९०७ : पुत्र सोपानदेव यांचा जन्म
- १९५१ : जळगाव येथे निधन
- १९५२ : ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रकाशित
- १९६१ : ‘मानिनी’ चित्रपटातून गाणी सर्वदूर
- २०१८ : उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव